माकुलाचं तिसरं हृदय

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या बायॉलॉजी लॅबमध्ये मी चोवीस वर्षं मेणाचे ट्रे धुतले. फॉर्मलिनचा वास अजून साड्यांतून गेलेला नाही असं मला वाटतं. भाचीचा मुलगा तिसरीत आहे. त्याने विचारलं, "आजी, तू बेडूक कापायचीस?" म्हटलं, "कापायची मुलं, आवरायचे मी." मग त्याला आणि बिल्डिंगमधल्या चार पोरांना रविवारी बोलावलं. शिकण्यासाठी म्हणून काही मारायचं नाही, हे आधीच ठरवलं. नाहीतरी चुलीवर जाणारच आहे, तेच उघडायचं.

पहिला रविवार वालांचा. मोड आलेले वाल सोलायचे होतेच, आयते पाच मदतनीस मिळाले. टरफल काढलं की डाळिंबी दोन दळांत उघडते, आणि आत, मोडाच्या मुळाशी, दोन इवलीशी पानं घडी घालून बसलेली दिसतात. आपण ज्याला मोड म्हणतो ते खरं तर मूळ, हे बिरडं खात मोठ्या झालेल्या माझ्या भाचीलाही ठाऊक नव्हतं!

दुसऱ्या रविवारी जास्वंद. पाकळ्या ५, मधली नळी म्हणजे पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेली. ब्लेडऐवजी टूथपिकने ती उभी चिरली की आतून एक धागा निघतो, टोकाला ५ लाल ठिपके, बुडाशी अंडाशय. तो आडवा कापला की ५ कप्पे. एकाने पाच फुलं तपासली, कुठेतरी सहा निघतील म्हणून. नाही निघाले. सगळ्यात शांत रविवार तोच होता.

मग माकूल, म्हणजे स्क्विड. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मासळी चालणार नाही असा निरोप आला, म्हणून माझ्याच ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं. कोळीणमावशींना म्हटलं, साफ करू नका. त्या म्हणाल्या, "मंग घरी कोन करील गो बाय?" पाच जण आहेत, म्हटलं.

आठ हात, दोन लांब सोंडा, मधोमध पोपटासारखी चोच. पाठीतून पारदर्शक, प्लॅस्टिकसारखी पट्टी अलगद ओढून निघते. ती त्याची उरलीसुरली शिंपली आहे, हे सांगितल्यावर पट्टीसाठी मारामारी झाली. शाईची पिशवी एकाने टोचलीच. तिच्यात काडी बुडवून सगळ्यांनी नावं लिहिली. माझ्या ओट्याच्या फटीत ती शाई अजून आहे.

मी पुढे होऊन सांगून बसले की माकुलाला ३ हृदयं असतात आणि रक्त निळं. तिसरीतल्या मुलीने लगेच विचारलं, "मग निळं कुठंय?" प्राणवायू मिसळलेला असला तरच ते निळं दिसतं, नाहीतर बिनरंगी. शिवाय हे बर्फात होतं. तिचं समाधान झालं नाही, आणि बरोबरच होतं तिचं. कल्ल्यांपाशी दोन छोटी हृदयं सापडली. तिसरं, मोठं, शरीराला रक्त देणारं, टोचाटोचीत कधीच फाटलं होतं. हा दोष माझा. कात्री मुलांच्या हाती देण्याआधी एकदा मी उघडून दाखवायला हवं होतं.

कालवण दोघांनीच खाल्लं. बाकीच्यांनी "आम्ही त्याला ओळखतो" म्हणून ताट सरकवलं.

त्या मुलीने पट्टी घरी नेली होती. मंगळवारी तिच्या आईचा फोन: "काकू, हिच्या कंपासपेटीला दोन दिवस कसला वास येतोय?"