गार्लिक नूडल्स दहा मिनिटांत, लसूण वेगळा

‘दहा मिनिटांत गार्लिक नूडल्स’ असं ज्याने पहिल्यांदा लिहिलं, त्याच्या घरी लसूण सोलायला दुसरं कुणीतरी होतं, असं माझं ठाम मत आहे. कुठलाही व्हिडिओ बघा. काचेच्या वाटीत पांढराशुभ्र, एकसारखा चिरलेला लसूण आधीच हजर असतो. तो कुणी सोलला, किती वेळ लागला, सालं कुठे कुठे उडाली, यावर चकार शब्द नाही. घड्याळ सुरू होतं ते त्यानंतर.

आमच्याकडे हे प्रकरण पैशांवरून सुरू झालं. मी डोंबिवलीला राहते. ऑफिसातून घरात पाऊल टाकायला साडेआठ होतात आणि आठवड्यातून एकदा तरी लेकाचं ठरलेलं असतं, "आई, आज गार्लिक नूडल्स मागवूया ना." तिघांचे मागवले की डिलिव्हरी धरून पाचशेच्या घरात जातात. घरी तेवढेच नूडल्स शंभराच्या आत होतात. हक्का नूडल्सचं एक पाकीट, लसूण, थोडी कोबी, कांद्याची पात, सोया सॉस, व्हिनेगर. बाटल्या एकदा आणल्या की महिनोन्महिने पुरतात. वर लागतं ते तेल, तिखट आणि थोडी साखर, म्हणजे घरात असतंच. 2024 च्या सुरुवातीला लसूण किलोला चारशेच्या वर गेला होता, तेव्हासुद्धा घरचे नूडल्स मागवलेल्यांपेक्षा स्वस्तच पडले. त्यामुळे पैशाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेळेबद्दल आहे, आणि तीही एकाच पायरीवरची.

नूडल्स शिजवणं आधी उरकून टाकते, त्यात अडण्यासारखं काही नाही. भरपूर पाणी, मीठ, खळखळून उकळी. कुकरच्या भांड्यात झाकण नुसतं ठेवून पाणी लवकर उकळतं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी एक दोरा दाताखाली धरून बघायचा, मध्ये किंचित कडक लागला की काढायचे. ते पाणी वाटीभर बाजूला ठेवायचं. उरलेलं ओतून द्यायचं, नूडल्सवरून गार पाणी, चमचाभर तेलाचा हात, झालं.

आता लसूण.

तिघांना पुरेल एवढ्या नूडल्सना वीस-पंचवीस मोठ्या पाकळ्या लागतात. त्याहून कमी घातल्या तर नुसते सोया नूडल्स होतात, गार्लिक हा शब्द नावापुरता. बाजारात मध्य प्रदेशातून, मंदसौर-नीमचकडून येणारा मोठ्या पाकळ्यांचा लसूण मिळतो, तो त्यातल्या त्यात बरा. गावरान लसूण चवीला त्याच्यापेक्षा कितीतरी तिखट, वास घरभर, पण पाकळी शेंगदाण्याएवढी आणि साल अशी चिकटलेली की नखं दुखतात. गावरान घ्यायचा तर पाकळ्या चाळीसच्या पुढे जातात. रात्री नऊ वाजता, उभ्या उभ्या, पोटात कावळे ओरडत असताना चाळीस पाकळ्या सोलून बघा आणि मग मला ‘झटपट’ म्हणून दाखवा.

मग सोलण्याच्या युक्त्या. त्या सगळ्या करून झाल्या. सर्वात लोकप्रिय म्हणजे पाकळ्या दोन स्टीलच्या वाडग्यांमध्ये कोंडून जोरजोरात हलवायच्या, सालं आपोआप सुटतात म्हणे. मोठ्या, खडखडीत वाळलेल्या लसणाची सुटतातही. ओलसर गावरान लसूण मात्र ढिम्म हलत नाही, आणि वाडग्यांचा आवाज असा होतो की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन करून विचारलं, "अगं, एवढ्या रात्री प्लंबर आलाय का?" दुसरी युक्ती मायक्रोवेव्हची. पंधरा-वीस सेकंद ठेवला की साल खरंच सैल होते. पण टोकं शिजतात आणि लसणाचा तिखटपणा तिथेच अर्धा मरतो. याचं कारण समजल्यावर मी ती युक्ती सोडलीच. लसूण ठेचला किंवा चिरला की त्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि तो उग्र वासाचा अ‍ॅलिसिन तयार होतो. चिरायच्या आधीच उष्णता लागली की ते एन्झाइम निकामी. मग पंचवीस पाकळ्या घाला नाहीतर पन्नास. तिसरी युक्ती कोमट पाण्यात भिजत ठेवण्याची. साल निघते, पण लसूण पाणी धरतो. तो तेलात पडला की तडतडून अंगावर येतो आणि एकसारखा तळला जात नाही. भिजवलात तर पंचावर पसरून पूर्ण कोरडा करा, म्हणजे पुन्हा वेळ आलाच.

स्टेशनबाहेर सोललेल्या लसणाच्या पिशव्या मिळतात. वाटेतच मिळतात म्हणून मी त्या बरेचदा घेतल्या. सकाळी सोललेला आणि कोरडा असेल तर काही म्हणणं नाही. पिशवीला आतून घाम आलेला असेल, पाकळी बुळबुळीत लागत असेल किंवा टोकं पिवळी पडली असतील तर हात लावू नका, त्याला वाससुद्धा नसतो. आमच्या लेडीज डब्यात मेथी निवडतात, मटार सोलतात, गवार मोडतात. मला वाटलं लसूणही जमेल. बसायला जागा मिळाली म्हणून एकदा सुरुवात केली, वर पंखा होता, आणि घाटकोपर यायच्या आत सालं समोरच्या बाईंच्या केसात. त्यांनी शांतपणे डोक्यावरून ओढणी घेतली. मटारचं ठीक आहे, लसणाचं नाही, एवढं नोंदवून ठेवते.

शेवटी कामाला आली ती सासूबाईंची पद्धत, आणि ती कुठल्याच व्हिडिओत नाही. रविवारी सकाळी पाकळ्या सुट्या करायच्या, तेलाचा हात चोळायचा आणि ताटात पसरून उन्हात ठेवायच्या. आमच्या बाल्कनीत ऊन दहापर्यंतच असतं, तेवढं पुरतं. साल कागदासारखी फुलते, मग सुपात घेऊन तळव्यांनी चोळलं की निम्म्याहून जास्त सालं पाखडून निघतात. उरलेली सुरीच्या पात्याने पाकळी जरा दाबली की सुटतात. एवढा लसूण कोरड्या डब्यात, खाली जाडसर कागद घालून, फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतो. "तुम्ही एवढं आधी का नाही सांगितलंत?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तू विचारलंस कुठे? तू फोनमध्ये बघत होतीस."

सोलला म्हणजे सुटलो असं नाही, पुढे चिरणं आहे. मिक्सरला लावू नका. पेस्टला पाणी सुटतं, ती कढईच्या बुडाला धरते आणि बाकीचं शिजेपर्यंत कडू होते. खलबत्ता लसणाच्या चटणीला उत्तम, इथे मात्र सुरीनेच बारीक चिरलेला हवा, शक्यतो एकसारखा. बारीक कण आधी करपतो आणि मोठा कच्चा राहतो, म्हणून एकसारखा.

आणि चिरल्यावर त्याला घाई चालत नाही. अख्ख्या कृतीत हीच एक जागा आहे जिथे मोठ्या गॅसने काम बिघडतं. गाडीवरचा माणूस भट्टीच्या जाळावर कढई उडवत लसूण काही सेकंदांत काढतो, कारण त्याचा हात थांबत नाही आणि पुढच्या क्षणाला त्यात नूडल्स पडतात. आपल्या घरच्या बर्नरवर त्याची नक्कल करायला गेलं की लसूण काळा आणि नूडल्स पांढरे. घरी उलटं करायचं. कढईत गार तेल, त्यातच गार लसूण, आणि मग गॅस लावायचा, बारीक. मी शेंगदाणा तेलच घेते. चिनी स्वयंपाकातही ते चालतं आणि आपल्याकडे असतंच. तिघांना पाव वाटी. हळूहळू बुडबुडे येतात, पाच-सात मिनिटांत लसणाचा रंग बदलू लागतो. फिका सोनेरी दिसला की लगेच गॅस बंद आणि चहाच्या स्टीलच्या गाळणीतून तेल दुसऱ्या भांड्यात. बदामी होईपर्यंत थांबायचं नाही, कारण गॅस बंद झाल्यावरही तो गरम तेलात रंग धरतच राहतो. गाळणी लसणासाठी वेगळी ठेवा, नाहीतर सकाळच्या चहावरून घरात भांडण.

सगळा लसूण मात्र तळायचा नाही. चार-पाच पाकळ्यांचा चिरलेला लसूण कच्चा बाजूला ठेवायचा आणि नूडल्स परतताना अगदी शेवटी घालायचा. तळलेल्याचा गोडवा आणि कच्च्याचा झणका, दोन्ही लागतं.

आता घड्याळ लावा. ते लसणाचं तेल मोठ्या गॅसवर, त्यात दोन लाल मिरच्या किंवा चिली फ्लेक्स, उभी चिरलेली कोबी मिनिटभर, मग नूडल्स. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा साखर, मिरपूड. बाजूला ठेवलेलं पाणी दोन-तीन चमचे शिंपडलं की त्यातल्या स्टार्चमुळे सॉस नूडल्सना धरतो, कॉर्नफ्लोर वगैरे लागत नाही. मिठाला हात लावण्याआधी चाखा. सोया खारट, बटर घातलंत तर तेही खारट. वरून पात आणि कुरकुरीत लसूण.

बटरचं म्हणाल तर मूळ गार्लिक नूडल्स बटरचेच. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत थान लाँग नावाचं व्हिएतनामी रेस्टॉरंट आहे. 1975 मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी सायगाव पडल्यावर तिथे पोचलेल्या हेलेन आन यांनी त्या शहराला हे नूडल्स खायला लावले. कृती कुटुंबाबाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्याकडे वेगळं स्वयंपाकघर आहे, तिथे घरच्यांनाच प्रवेश. बंद दाराआड एवढा लसूण कोण सोलतं, हा मला पडलेला प्रश्न. आपल्या गाडीवरचे तिखट, सोया-व्हिनेगरवाले नूडल्स त्या घराण्यातले नाहीत. ते कोलकात्याच्या हक्का चिनी मंडळींकडून भारतभर पसरलेल्या चायनीजच्या नात्यातले. लेकाला गाडीवरचेच आवडतात, म्हणून मी बटर घालत नाही, पण अर्धं तेल अर्धं बटर करून बघायला हरकत नाही. फक्त लसूण तेलात तळून बटर शेवटी घाला, बटर लवकर करपतं.

एक राहिलं, आणि हे महत्त्वाचं. लसणाचं तेल जास्तीचं करून ओट्यावर बाटलीत भरून ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, वासावरून कळतही नाही. उरलंच तर फ्रिजमध्ये, आणि चार दिवसांत संपवा. सोललेला कोरडा लसूण साठवायचा, तेल त्या त्या दिवशीचं.

डब्यात द्यायचे असतील तर सकाळी नूडल्स परतताना पाण्याचा एक हबका मारा, म्हणजे दुपारपर्यंत गोळा होत नाहीत. कुरकुरीत लसूण वेगळ्या छोट्या डबीत द्या, नाहीतर मऊ पडतो. पोराने ती डबी मधल्या सुट्टीच्या आधीच रिकामी केली, तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही.