येवल्याच्या मागावर एक पान

संक्रांत उलटून चार दिवस झाले होते, तरी येवल्यातल्या विजेच्या तारांवर पतंग अजून लटकत होते. नाशिकहून निफाड, विंचूर करत आलेल्या एसटीतून उतरून मी ज्या विणकरांच्या घरी पोहोचले, तिथे ओट्यावर मांजाने भरलेली आसारी पडली होती. येवलेकरांना पतंग उडवायला फिरकी चालत नाही, आसारीच लागते. आणि आत माजघरात रेशमाची लड उलगडण्यासाठी जे साधन फिरत होते, त्याचेही नाव आसारीच. हे नाव मागावरून गच्चीवर गेले का, असे मी विचारले, तेव्हा काका म्हणाले, "ताई, दोन्हीकडे हात आमचेच."

आईच्या, आजीच्या पैठण्या घड्या मोडून पाहण्यात बालपण गेले असले, तरी ते मोर कापडात येतात कसे, हे मला ठाऊक नव्हते. पैठण ही सातवाहनांची राजधानी आणि तिचे नाव या वस्त्राला मिळाले, एवढे शाळेत शिकले होते; आज मागांची मोठी वस्ती मात्र येवल्यात आहे, म्हणून मी इथे आले. पाच दिवस, वीतभर रुंदीच्या एका लहान ताण्यावर, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवर, पदराच्या नक्षीतले एकच पान विणायचे, असे ठरले. पहिल्या दिवशी मला हे काम फारच थोडे वाटले होते.

साध्या विणकामात बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो आणि तसाच परत येतो. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाच्या धाग्याची गुंडाळलेली स्वतंत्र लहान कांडी असते, आणि प्रत्येक धागा आपल्या हद्दीपुरताच चालून अर्ध्या वाटेवरून मागे फिरतो. पानाचे हिरवे रेशीम जिथे संपते आणि जमिनीची, म्हणजे पार्श्वभूमीची, जर जिथे सुरू होते, तिथे हे दोन धागे एकमेकांत अडकवून आपापल्या बाजूला वळवायचे. या विणीला कडियल म्हणतात. अडकवले नाहीत, तर त्या जागी कापडाला उभी फट राहते. टॅपेस्ट्री म्हणतात ती हीच रीत, फक्त पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यातला उभ्या मागावरचा विणकर कापडाच्या मागच्या बाजूला बसतो आणि पुढची बाजू आरशात पाहतो. इथे आरशाची गरजच नाही, कारण मागे धागे लोंबत नाहीत आणि नक्षी दोन्हीकडून जवळजवळ सारखीच दिसते. पैठणी घेताना जाणकार बायका पदर आधी उलटा का करतात, हे मला त्या खड्ड्यातल्या मागावर पाय सोडून बसल्यावर उमगले.

माझ्या हातून पहिल्या दिवशी झालेली चूक बहुतेक सगळ्याच नवख्यांची असावी. कड सरळ यावी म्हणून मी प्रत्येक वळणावर धागा ओढून घट्ट करत होते आणि त्यामुळे ताण्याचे धागे एकमेकांकडे झुकून सगळी पट्टी मधोमध आवळली जात होती. "ओढू नका, सोडा," असे काका दर दहा मिनिटांनी म्हणत. धागा किंचित सैल ठेवायचा आणि फणी ठोकून त्याला जागेवर बसवायचे, हे ऐकायला सोपे आहे, पण वर्षानुवर्षे गाठी आवळत आलेल्या बोटांना ते पटत नाही. शिवाय धागे अडकवण्याची दिशाही दर ओळीत तीच ठेवावी लागते; माझी दोनदा उलटली आणि पानाची कड तिथे लगेच जाड झाली.

दुसरा अख्खा दिवस उसवण्यात गेला. विणताना जर आणि रेशीम आळीपाळीने ज्या क्रमाने गेले, त्याच्या उलट क्रमाने प्रत्येक कांडी त्याच वाटेने मागे न्यावी लागते, आणि रेशीम पिंजले तर तो तुकडा बाद होतो. तासाभरात विणलेले उसवायला मला तीन तास लागले. काकू शेजारच्या मागावर बांगडी मोराच्या, म्हणजे बांगडीसारख्या वर्तुळातल्या मोराच्या, पिसाऱ्यात डझनभर कांड्या एकाच वेळी फिरवत माझ्याशी लग्नकार्याच्या गप्पा मारत होत्या; मला एक हिरवी आणि दोन जरीच्या कांड्या सांभाळताना श्वास घ्यायचेही भान राहत नव्हते. भरगच्च पदराच्या पैठणीला महिनोन् महिने लागतात, हे वाक्य मी दुकानात अनेकदा ऐकले होते आणि दर वेळी पुढे किमतीत घासाघीसही केली होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पान पुरे झाले. अंगठ्याएवढे, डावी कड बरीच सरळ, उजवी मात्र पायऱ्या पाडल्यासारखी. काकांनी ते मागावरून उतरवून उलटसुलट पाहिले आणि काही न बोलता काकूंकडे दिले. काकूंनी खिडकीच्या उजेडात धरले, तेव्हा उजव्या कडेला, जिथे धागे अडकवायचे राहून गेले होते, तिथून बारीक उजेड आरपार आला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "पानाला अळी लागली की!"