एक निधी, दोन हिशेब

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला इथले वैद्यकीय उपचार मोफत आहेत हे पक्के ठाऊक असते. म्हातारपणची देखभाल मोफत नाही, हे मात्र घरातल्या कुणावर वेळ आल्याखेरीज कळत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत डॉक्टर म्हणून आलेली आपली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे, आणि एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत हयात घालवलेल्यांनाही हा फरक स्वतः रुग्ण झाल्यावरच जाणवतो, असे मी पाहिले आहे.

फरक मुळापासूनचा आहे. ५ जुलै १९४८ रोजी एनएचएस सुरू झाली आणि त्याच दिवशी नॅशनल असिस्टन्स कायदाही अमलात आला. उपचारांचा भार मुख्यत्वे देशाच्या करांवर पडला. वृद्धांच्या निवासाची जबाबदारी काउन्सिलांकडे, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांकडे गेली आणि ऐपतीप्रमाणे पैसे घेण्याची सोय त्यात ठेवली गेली. आजही ज्याच्या गाठीशी २३,२५० पौंडांहून अधिक पुंजी आहे, त्याला देखभालीचा खर्च सहसा स्वतःच करावा लागतो, आणि हा आकडा २०१०पासून तसूभरही हललेला नाही.

हे दोन संसार एकत्र आणण्यासाठी २०१५-१६पासून बेटर केअर फंड आला. एनएचएसचे स्थानिक मंडळ आणि काउन्सिल यांनी ठरावीक रक्कम एकत्र ठेवायची, तिच्या विनियोगाचा आराखडा मिळून करायचा आणि दोघांचे प्रतिनिधी असलेल्या स्थानिक हेल्थ अँड वेलबीइंग बोर्डाने त्याला मंजुरी द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. पहिल्या वर्षी किमान ३.८ अब्ज पौंड एकत्र ठेवणे बंधनकारक होते. त्यातला बहुतेक पैसा नवा नव्हता, एनएचएसच्याच वाट्यातून वळवलेला होता. रुग्णालयात तातडीने दाखल होणाऱ्यांची संख्या घटेल ही अपेक्षा होती, प्रत्यक्षात संख्या वाढली.

याचा अर्थ कल्पनाच चुकीची होती, असे मला वाटत नाही. ओळखीतल्या एका काकांचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया उत्तम झाली, आणि घरी जायला हरकत नाही असे डॉक्टरांनी लिहूनही दिले. घरी मात्र तीन गोष्टी लागणार होत्या: दिवसातून चार वेळा येणारी केअरर, खालच्या मजल्यावर उंची बदलता येणारा पलंग, आणि उंबरठा नसलेली न्हाणी. पलंग एनएचएस आणि काउंटी काउन्सिल यांच्या सामाईक खर्चाने चालणाऱ्या साहित्य-भांडारातून लगेच आला. केअररची मंजुरी काउंटीच्या सोशल केअर (देखभाल) विभागाकडे, त्यामुळे ती मूल्यमापनाच्या रांगेत अडकली आणि काका घरी जाण्याजोगे असूनही वॉर्डात पडून राहिले. न्हाणीचे अनुदान तर तिसऱ्याच कार्यालयाचे, म्हणजे जिल्हा काउन्सिलच्या गृहनिर्माण खात्याचे. ते येईपर्यंत काकांनी बेसिनपाशी खुर्ची ठेवून अंग पुसून घेतले. तीन गोष्टींपैकी जिचा पैसा खरोखर एकत्र होता, तीच वेळेवर पोहोचली. गंमत अशी की न्हाणीचे ते अनुदान, ज्याची कमाल मर्यादा इंग्लंडमध्ये ३०,००० पौंड आहे, कागदोपत्री याच फंडाचा भाग आहे. सोशल केअर काउंटीकडे आणि गृहनिर्माण जिल्ह्याकडे अशा दोन स्तरांच्या काउंटीत ते फंडातून येते आणि तसेच जिल्ह्याकडे निघून जाते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. २०२१-२२ हे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले. त्या वर्षीच्या नियोजनाच्या अटी केंद्राने सप्टेंबरअखेरीस प्रसिद्ध केल्या आणि आराखडे नोव्हेंबरमध्ये मागवले. अर्धे वर्ष उलटल्यावर लिहिलेल्या कागदाला नियोजन कसे म्हणायचे? अशा वेळी स्थानिक अधिकारी चालू करारांनाच मुदतवाढ देतात, कारण तेवढेच हातात असते. पडण्याआधी आधार देणारी, दोन-तीन वर्षांनी फळ देणारी कामे मागे पडतात. शिवाय अडलेली खाट रोज मोजता येते आणि न पडलेला म्हातारा मोजता येत नाही, म्हणून निधी आपसूक रुग्णालयाच्या दाराकडे ओढला जातो.

स्थानिक करांची बाजू आणखी विषम आहे. २०१६पासून काउन्सिलांना सोशल केअरसाठी काउन्सिल टॅक्समध्ये वेगळी वाढ करण्याची परवानगी मिळाली. हा कर घरांच्या १ एप्रिल १९९१च्या किमतींवर बेतलेला असल्याने तेवढीच टक्केवारी सरीसारख्या सधन काउंटीत भरघोस उत्पन्न देते, तर उत्तरेकडच्या गरीब शहरांत तुटपुंजे. आणि स्वतःच्या खर्चाने देखभाल घेऊ न शकणारे लोक नेमके त्या शहरांत जास्त. ही दरी भरण्यासाठी २०१७पासून फंडात वाढीव अनुदान जोडले गेले, ते वाटताना काउन्सिलची कर उभारण्याची क्षमताही धरली गेली. माझ्या मते या सगळ्या रचनेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता.

आता पुन्हा फेरमांडणी चालली आहे. जुलै २०२२मध्ये एनएचएसच्या १०६ स्थानिक मंडळांच्या जागी ४२ प्रादेशिक मंडळे आली आणि २०२५मध्ये त्यांच्या प्रशासकीय खर्चात मोठ्या कपातीची घोषणा झाली. मंडळ जितके विस्तारेल तितका त्याच्या सहीचा अधिकारी काकांच्या गल्लीपासून दूर जाईल, ही भीती मला रास्त वाटते. दुसरीकडे दोन स्तरांच्या काउंट्या मोडून एकस्तरीय काउन्सिल आणण्याचे धोरण सरकारने डिसेंबर २०२४मध्ये जाहीर केले आहे. ते तडीस गेले तर निदान केअररचा आणि न्हाणीचा अर्ज एकाच कार्यालयात करता येईल.