आधी गरम आणि तेलकट, मग बाकीचं प्लॅस्टिक

घरातलं सगळं प्लॅस्टिक एका रविवारी बाहेर काढलं, तर दोन आठवड्यांत निम्मं परत येतं. म्हणून मी क्रम लावला. उष्णता, तेल, आंबटपणा आणि अन्न किती वेळ त्यात राहतं, या चार गोष्टींमुळे प्लॅस्टिकमधली रसायनं अन्नात जास्त उतरतात. कोल्हापुरात या चारही गोष्टी मिसळीच्या पार्सलमध्ये भेटतात. उकळता कट पातळ पिशवीत भरायचा, गाठ मारायची आणि घरी पोचेपर्यंत तो त्यातच. तांबड्या रश्श्याचंही तेच. सुरुवात इथूनच केली.

पार्सलला घरून स्टीलचा क्लिपचा डबा नेतो. नुसता डबा पुढे करून भागत नाही. बऱ्याचदा कट पिशवीत भरून ती पिशवीच डब्यात ठेवून देतात, त्यामुळे ऑर्डर देतानाच ‘थेट डब्यात घाला’ म्हणावं लागतं. डबा काठोकाठ भरू देऊ नये. दोन बोटं जागा सोडून, मिनिटभर वाफ जाऊ देऊन मगच क्लिप लावायची, नाहीतर वाफेच्या दाबाने कट झाकणातून बाहेर येतो. झाकणाची रिंग सिलिकॉनची हवी. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मऊ करायला त्यात थॅलेट्स नावाची रसायनं घालतात आणि ती तेलात सहज उतरतात.

दुसरी पाळी वर्षाच्या चटणीची. डंकावरून आणलेली कांदा-लसूण चटणी गरम असते, तेलकट असते आणि वर्षभर डब्यात राहते. प्लॅस्टिकच्या डब्याला आतून पडणारा लाल डाग घासून जात नाही, कारण तेल प्लॅस्टिकच्या आत शिरलेलं असतं. आता ती मोठ्या स्टीलच्या परातीत पसरून पूर्ण गार करतो आणि मग बरणीत दाबून भरतो. घाई केली तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. बरणी धुऊन दिवसभर उन्हात वाळवलेली हवी. चिनी मातीची बरणी घेताना आतून रंगीत नक्षी असलेली घेऊ नये, स्वस्त रंगात आणि झिलईत शिसं असू शकतं. लोणचं मात्र स्टीलमध्ये घालायचं नाही. मिठाने स्टीलला बारीक खड्डे पडतात, त्याला काच किंवा बरणीच बरी.

मग डबे उलटे करून तळाच्या त्रिकोणातला आकडा वाचला. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. हे दोन्ही स्वयंपाकघरातून गेले. ७ मध्ये बरंच काही येतं, पण कडक, काचेसारखं पारदर्शक भांडं असेल तर ते पॉलिकार्बोनेट असण्याची शक्यता मोठी आणि ते बीपीएपासून (बिस्फेनॉल-ए, संप्रेरकांच्या म्हणजे हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करणारं रसायन) बनतं. पाण्याचे २० लिटरचे जारही पुष्कळदा याच प्लॅस्टिकचे असतात. असा जार उन्हात ठेवत नाही, आला की पाणी माठात किंवा स्टीलच्या पिंपात ओततो. २ आणि ५ क्रमांकाचे डबे तांदूळ-डाळीला ठेवलेत. कोरडं, गार धान्य त्यात राहिलं तर घाई नाही.

‘बीपीए-मुक्त’ या शब्दावर मी विसंबत नाही. बीपीएच्या जागी त्याच्याच जातीचं बीपीएस (बिस्फेनॉल-एस) वापरलेलं असू शकतं आणि तेही संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं. बाळाच्या दुधाच्या बाटलीला काच घ्यावी. काच जड पडत असेल तर दूध स्टीलमध्ये गरम करून, कोमट झाल्यावरच प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतावं. पिशवीतलं दूध आलं की पातेल्यात काढतो. पिशवी गरम पाण्यात कधीच सोडत नाही. मायक्रोवेव्हमध्ये फक्त काच किंवा चिनी माती.

एवढ्याने फरक पडतो का, हे लोक विचारतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांतल्या २० जणांना तीन दिवस ताजं, पॅकबंद नसलेलं अन्न दिलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी घटलं होतं. बीपीए शरीरातून साधारण दिवसभरात बाहेर पडतं. रोज नवं येत राहतं म्हणून ते सापडत राहतं.

एटीएमची आणि दुकानाची गुळगुळीत पावती हाही बीपीएचा एक रस्ता आहे. ती मुलांच्या हातात देत नाही आणि तेलकट किंवा सॅनिटायझर लावलेल्या हाताने धरत नाही. डाग पडलेले जुने डबे धान्यालाही वापरले नाहीत, त्यांत आता शिवणकामाचं सामान आहे.