जुन्या अक्षरांना आलेलं उत्तर

नोंदणीच्या फॉर्मात पाच रकाने होते: नाव, ईमेल, युजरनेम, पासवर्ड आणि पुन्हा पासवर्ड. मी प्रत्येकाला लिसनर (रकाना बदलला की चालणारा कोड) लावला होता, प्रत्येकाचा एक फ्लॅग (रकाना बरोबर आहे की नाही याची खरं-खोटं खूण) ठेवला होता, आणि पाचही फ्लॅग खरे झाले की बटण सुरू व्हायचं. एकदा दोन्ही पासवर्ड जुळल्यावर मी वर जाऊन पहिल्यात एक अक्षर वाढवलं. बटण सुरूच राहिलं. दुसऱ्या रकान्याला हात लागलाच नव्हता, म्हणून त्याचा लिसनर चालला नाही आणि त्याचा फ्लॅग मघाचंच खरं धरून बसला.

त्या दिवशी मी सगळे फ्लॅग काढून टाकले. आता प्रत्येक रकाना म्हणजे कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेतला एक स्टेटफ्लो आहे: ताजं मूल्य जवळ ठेवणारा आणि ते बदललं की पुढे कळवणारा प्रवाह, म्हणजे फ्लो. ‘पासवर्ड जुळतात का’ हे कुठेही साठवलेलं नाही. दोन फ्लो कंबाइन करून, म्हणजे दोन्हींची ताजी मूल्यं एकत्र घेऊन, ते दर वेळी नव्याने निघतं. कुठलाही रकाना बदलला तरी उत्तर बदलतं. बटणही तसंच, पाचांच्या निकालातून निघालेलं.

आरएक्सजावा या लायब्ररीवर लिहिलेल्या जुन्या कोडमध्ये हेच काम कंबाइनलेटेस्ट करायचं, पण तिथे एक खाचखळगा होता. प्रत्येक स्रोताकडून निदान एक मूल्य आल्याशिवाय ते काहीच पुढे पाठवत नाही. प्रोफाइल बदलायच्या स्क्रीनवर माहिती आधीच भरलेली, आणि मी वापरला होता पब्लिशसब्जेक्ट, जो सुरुवातीचं मूल्य ठेवत नाही. सगळ्या रकान्यांना एकदा हात लावेपर्यंत बटण मेलेलं! बिहेवियरसब्जेक्टला सुरुवातीचं मूल्य दिलं तेव्हा ते जागं झालं. स्टेटफ्लोला ते मूल्य द्यावंच लागतं, म्हणून हा प्रश्न आता येत नाही.

खरा वेळ गेला तो युजरनेममध्ये. हे नाव आधी कुणी घेतलंय का, ते सर्व्हरला विचारावं लागतं. बहुतेक जण करतात तेच मी केलं: आधी ४०० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (टाइप करणं तेवढा वेळ थांबलं की मगच मूल्य पुढे सोडणारा), मग मॅपलेटेस्ट (आलेल्या मूल्यासाठी सर्व्हरला विनंती चालवणारं). नवीन मूल्य आलं की जुनी विनंती रद्द होणार, म्हणजे काळजी मिटली असं मला वाटलं. पण चाचणी करताना रकान्यात नवं नाव होतं आणि खाली जुन्या नावाचं ‘उपलब्ध आहे’ झळकत होतं.

कारण सापडायला संध्याकाळ झाली. मॅपलेटेस्ट जुनी विनंती रद्द करतं, पण नवं मूल्य त्याच्यापर्यंत पोचल्यावरच. वाटेत डिबाउन्स ते ४०० मिलिसेकंद अडवून धरतो. तेवढ्या वेळात आधीची विनंती सर्व्हरकडून परत येऊ शकते, आणि आली की ती बिनदिक्कत पडद्यावर दिसते. म्हणून डिबाउन्स काढला आणि थांबणं आत नेलं. मॅपलेटेस्टसारखंच जुनं काम रद्द करणाऱ्या, पण एकाहून जास्त मूल्यं पाठवू देणाऱ्या ट्रान्सफॉर्मलेटेस्टमध्ये आधी ‘तपासत आहे’ ही स्थिती पाठवायची, मग ४०० मिलिसेकंद डिले, मग विनंती. आता पहिलं नवं अक्षर पडताच जुनी विनंती रद्द होते.

नेटवर्कची चूक पकडायची तीही त्याच ब्लॉकच्या आत. बाहेर कॅच (चूक पकडणारा) लावला तर एका फसलेल्या विनंतीनंतर अख्खा फ्लो संपतो आणि त्यानंतर कितीही टाइप केलं तरी तपासणी होत नाही. मात्र आत पकडताना कॅन्सलेशनएक्सेप्शन (काम रद्द झाल्याची खूण) गिळायचं नाही, ते पुढे जाऊ द्यायचं. नाहीतर रद्द झालेली विनंतीही ‘नेटवर्क नाही’ म्हणून दिसते.

ईमेलच्या रकान्याबद्दल माझं मत ठाम आहे. माणूस अजून लिहितोय, ‘@’पर्यंत पोचलाही नाही, आणि खाली लाल अक्षरांत ‘ईमेल चुकीचा आहे’. हे मला उद्धटपणाचं वाटतं. पण चूक दुरुस्त केल्यावरही ती लाल ओळ अर्धा सेकंद रेंगाळणं त्याहून वाईट. म्हणून दोन्हींना सारखा उशीर लावायचा नाही. फ्लोच्या डिबाउन्सला मूल्य बघून वेळ ठरवणारा लॅम्डा (छोटं बिननावाचं फंक्शन) देता येतो. तपासणीच्या निकालावर मी तो लावला: निकाल चुकीचा असेल तर ८००, बरोबर असेल तर शून्य. लाल ओळ सावकाश येते, जाते मात्र लगेच. बटणाला हा उशीर लावलेला नाही. ते कच्च्या निकालावरच चालतं, नाहीतर चुकीचा ईमेल त्या ८०० मिलिसेकंदांत निसटून पुढे जाईल.

या सगळ्याच्या टेस्ट कोटलिनच्या रनटेस्ट या चाचणीसाठीच्या फंक्शनमध्ये लिहिल्या आहेत. तिथलं घड्याळ आभासी असल्यामुळे डिले प्रत्यक्ष थांबवत नाहीत. पहिलीच टेस्ट त्या शिळ्या उत्तराची आहे: खोटा सर्व्हर ६०० मिलिसेकंदांनी उत्तर देतो, आणि ९०० व्या मिलिसेकंदाला नाव बदलतं. जुन्या रचनेवर ती नापास होते, नव्या रचनेवर पास.