शब्दवही: ‘युटिलिटी’चं पान भरत आलं

या खेपेस नवे शब्द जवळपास नाहीतच. ‘युटिलिटी’ या एकाच इंग्रजी शब्दाला चिकटून बसलोय. कोशात ‘उपयुक्तता’ असा अर्थ मिळतो, पण वापराची उदाहरणं जमवायला लागलं की हा अर्थ प्रबंधात आणि सरकारी अहवालातच जास्त भेटतो. घरात, बाजारात इंग्रज माणूस सरळ ‘यूजफुल’ म्हणून मोकळा होतो.

बोलण्यातली ‘युटिलिटी’ दुसऱ्या नामाला चिकटून येते: युटिलिटी रूम, युटिलिटी नाइफ, युटिलिटी प्लेअर. इथे अर्थ होतो ‘मिरवायचं नाही, राबायचं’. बेसबॉलमधला युटिलिटी प्लेअर मैदानात कुठेही उभा राहतो, पण त्याची स्वतःची अशी जागा नसते. कौतुकच, पण जरा हात राखून केलेलं.

या छटेचं सगळ्यात सुंदर उदाहरण युद्धकाळातल्या ब्रिटनमध्ये सापडलं. दुसऱ्या महायुद्धात कापड आणि लाकूड तुटपुंजं झालं, तेव्हा सरकारने ‘युटिलिटी’ कपडे आणि फर्निचर काढलं. कपड्यांवर ‘सीसी४१’चा शिक्का असे. काटकसरीच्या नियमांत खिसे, बटणं, चुण्या यांवरही मर्यादा होती. फर्निचर आधी नवविवाहितांना आणि बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्यांना मिळे. १९५२ पर्यंत ही योजना चालली. इथे हा शब्द चक्क मालाचा दर्जा सांगत होता. ऑस्ट्रेलियात तर त्याचा ‘यूट’ झाला: पुढे मोटार, मागे माल टाकायला उघडा हौदा. फोर्डने अशी गाडी तिथे १९३४ मध्ये आणली.

अनेकवचनाचं खातं वेगळं. ‘युटिलिटीज’ म्हणजे वीज, पाणी, गॅस. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना भाड्याच्या जाहिरातीत ‘युटिलिटीज इन्क्लूडेड’ दिसतं. म्हणजे ही बिलं भाड्यातच धरलेली. आपल्याकडे बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून मागतात ते ‘युटिलिटी बिल’ याच घराण्यातलं.

अर्थशास्त्रात मात्र शब्द आपल्या मूळ अर्थालाच टांग मारतो. तिथे युटिलिटी म्हणजे गरज भागवण्याची क्षमता, मग वस्तू हितकारक असो वा नसो. सिगारेटलाही युटिलिटी असते! मराठी पाठ्यपुस्तकांनी इथे ‘उपयोगिता’ घेतली (घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम आठवतो ना?), तर बेंथॅम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांच्या विचाराला ‘उपयुक्ततावाद’ म्हटलं. ही वाटणी मला फार आवडली. इंग्रजीला एकाच शब्दावर भागवावं लागतं.

‘युटिलिटेरियन’चं पान अजून अर्धं आहे. तत्त्वज्ञानात ते मताचं नाव, पण इमारतीला लावलं की ‘सोयीची खरी, पण रुक्ष’ असा टोमणा. त्याची वाक्यं जमवतोय. ती झाली की ‘एक्स्पीडियंट’ घेईन. त्यात सोय आहे आणि थोडी लबाडीही.