डॅम्परऐवजी स्प्रिंग लावली तेव्हा

प्रकल्पाचा विषय ऐकायला झकास होता: ईआर (इलेक्ट्रोऱ्हिऑलॉजिकल) डॅम्परचं, म्हणजे हादरे शोषणाऱ्या द्रवभरल्या नळकांड्याचं, गणिती मॉडेल बनवा आणि चाचणीशी ताडून बघा. ईआर द्रव म्हणजे सिलिकॉन तेलात मिसळलेले बारीक कण. विजेचं क्षेत्र मिळालं की काही मिलिसेकंदांत कणांच्या साखळ्या होतात आणि पातळ तेल ग्रीससारखं अडून बसतं. वीज काढली की पुन्हा पातळ. विलिस विन्स्लोने याचं पेटंट १९४७ सालीच घेतलं होतं, म्हणजे कल्पना नवी मुळीच नाही.

माझ्या डॅम्परमध्ये दोन नळकांड्यांमधली फट १ मिमी होती आणि तिच्यावर ३ किलोव्होल्टपर्यंत विजेचा दाब द्यायचा होता. प्रवाह अगदी किरकोळ, पण कचरा किंवा बुडबुडा अडकला की ठिणगी पडायची. पहिला आठवडा त्या ठिणग्यांतच गेला.

मग मॉडेल. बिंगहॅमचं मॉडेल सरळ आहे: वेगाच्या प्रमाणातलं चिकट बल आणि त्यात दिशेनुसार चिन्ह बदलणारं ठरावीक यील्ड बल (द्रव हलायला लागण्यासाठी लागणारं किमान बल). त्यानुसार बल-वेगाच्या आलेखात शून्य वेगापाशी खडी पायरी दिसायला हवी. मला दिसलं वेटोळं. पुस्तकात हिस्टेरेसिस (जाताना एक वाट, येताना दुसरी) वाचलेलंच होतं, त्यामुळे मी लगेच अशी वेटोळी जुळवणाऱ्या बूक-वेन मॉडेलकडे वळले. आठ गुणांक, संगणक रात्रभर चालू, आणि सकाळी आलेख इतका चपखल बसलेला की मी तो भिंतीवर चिकटवला.

तो आलेख १ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एका फेरीचा होता. ५ हर्ट्झला तेच गुणांक साफ आपटले. पुन्हा जुळवले, तर निराळेच आकडे आले. तीन आठवडे मी द्रवालाच दोष देत होते. सर एकदा येऊन आलेख बघून म्हणाले, "व्होल्टेज शून्य असतानाही वेटोळं आहे की गं. डॅम्पर काढ, तिथे साधी स्प्रिंग लाव."

स्प्रिंगचं बल विस्थापनाबरोबरच बदलतं, मागेपुढे होत नाही. आलेखात नुसती तिरकी रेघ यायला हवी. ५ हर्ट्झला पडद्यावर आली लंबवर्तुळाची फुगीर चकती! पोटात गोळा आला.

बल मोजणाऱ्या लोड सेलच्या अॅम्प्लिफायरमध्ये ३० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (वेगवान बदल गाळून टाकणारा) चालू होता, विस्थापनाच्या चॅनेलवर काहीच नव्हतं. त्यामुळे बल सुमारे ५ मिलिसेकंद उशिरा नोंदलं जात होतं. एक फेरी ३६० अंशांची धरली तर १ हर्ट्झला हा फरक जेमतेम दोन अंशांचा, म्हणून खपून गेला. ५ हर्ट्झला साडेनऊ अंश. माझे आठ गुणांक त्या फिल्टरचीही नक्कल करत होते. दोन्ही चॅनेलना अगदी एकसारखा फिल्टर लावला, तेव्हा स्प्रिंगची रेघ रेघेसारखी झाली.

डॅम्पर परत बसवल्यावर वेटोळं बारीक झालं, गेलं मात्र नाही. बल-विस्थापनाच्या आलेखात, पिस्टन उलट फिरतो त्या कोपऱ्यावर, बल चढायच्या आधी एक आळशी सपाट तुकडा दिसत होता. ती आत अडकलेली हवा. पिस्टनच्या हालचालीतला पहिला भाग हवा दाबण्यातच खर्ची पडत होता. द्रव निर्वातात ठेवून बुडबुडे काढले, डॅम्पर तिरका धरून हळूहळू भरला आणि तो तुकडा जवळजवळ नाहीसा झाला.

आता बिंगहॅमला जोडीला एकच स्प्रिंग, एकसर जोडणीत, पुरली. गुणांक तीन. बूक-वेन वाईट आहे असं नाही, पण इतके गुणांक हाताशी असले की चुकीचा डेटाही गोड दिसतो.

तापमानाचं मात्र अजून नीट जमलेलं नाही. पंधरा मिनिटं डॅम्पर चालला की तेल पातळ होतं आणि विजेचा गळती प्रवाह वाढतो, त्यामुळे प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहिते. शिवाय दोन दिवस पडून राहिला की कण तळाशी बसतात. म्हणून सोमवारी वीज न देता पिस्टन आधी वीस-पंचवीस वेळा वरखाली करते, आणि त्या फेऱ्या मोजणीत धरत नाही.